पिरानेसीचे कलश: जुनी छापचित्रं वाचायला, पारखायला आणि जपायला शिकताना

छापचित्र हातात आलं की आधी चित्राकडे बघू नका, त्याच्या खाली कोरलेली बारीक अक्षरं वाचा. या नादाला नव्याने लागलेल्या प्रत्येकाला मी पहिली गोष्ट हीच सांगते. अठराव्या शतकात रोममध्ये छापलेल्या प्राचीन कलशांच्या, दीपदानांच्या, दगडी शवपेट्यांच्या चित्रांखाली इटालियन भाषेत दोन-चार ओळी असतात. वस्तू कुठल्या उत्खननात मिळाली, सध्या कोणाकडे आहे आणि हे चित्र कोणा गृहस्थाला सादर अर्पण केलं आहे, एवढा मजकूर. तो गृहस्थ पुष्कळदा प्रवासी असतो. इंग्लंडहून निघून, आल्प्स ओलांडून रोमला आलेला आणि परत जाताना काय न्यायचं या विचारात पडलेला.

मी स्वतः सुरुवातीला या ओळी वाचल्याच नाहीत. चित्रातला कलश इतका भरगच्च, इतका उन्हात न्हालेला असतो की नजर खाली उतरतच नाही. पुढे शब्दकोश घेऊन बसले तेव्हा एकेका कागदातून एक सौदा, एक ओळख आणि एक प्रवास निघू लागला.

हा लेख रोममध्ये छापचित्रं कोरणाऱ्या जोव्हान्नी बात्तिस्ता पिरानेसी (१७२०–१७७८) याच्या अशा चित्रांबद्दल आहे, म्हणजे मुख्यतः १७७८ मध्ये दोन खंडांत एकत्र झालेल्या कलश-दीपदानांच्या मालिकेबद्दल. शंभराहून जास्त प्लेटांची, म्हणजे चित्र कोरलेल्या तांब्याच्या पत्र्यांची, ही मालिका. पुस्तक निघण्याआधी कित्येक वर्षं तिच्यातली चित्रं सुटी विकली जात होती. हौशी माणसाने सुरुवात इथूनच करावी असं माझं मत आहे. ही चित्रं आजही अस्सल मिळतात, कोणती छाप कुठल्या काळातली हे बऱ्याच अंशी तपासता येतं आणि चित्रातल्या अनेक वस्तू अजून संग्रहालयांत उभ्या आहेत, जाऊन बघता येतात.

पहिली पायरी: गिऱ्हाईक कोण होतं ते ओळखा

रोमच्या स्पॅनिश चौकात उभं राहा. नकाशावर राहिलात तरी चालेल. अठराव्या शतकात हा भाग परदेशी पाहुण्यांचा, त्यातही इंग्रजांचा. त्यांची मुक्कामाची घरं इथे आणि कॉफी पिण्याची जागाही इथेच, नावच मुळी ‘इंग्रजांचं कॉफीगृह’. त्याच्या भिंती पिरानेसीने इजिप्शियन धाटणीने सजवल्या होत्या. ती सजावट आता उरलेली नाही, पण शेकोट्यांच्या नक्षीदार चौकटींवर त्याने १७६९ मध्ये काढलेल्या पुस्तकात तिची चित्रं आहेत. कॉफी पिऊन बाहेर आलं की समोर १७२५ मध्ये पुरा झालेला भव्य जिना. तो चढून गेलं की त्रिनिता देई मोंती चर्च, आणि तिथून निघणाऱ्या स्त्रादा फेलीचे या रस्त्यावर, म्हणजे आजच्या व्हिया सिस्तिनावर, पालाझ्झो तोमाती ही इमारत. १७६१ पासून पिरानेसीचं घर, छापखाना, दुकान आणि प्राचीन वस्तूंचं दालन, सगळं तिथे.

मोक्याच्या जागेला वेळही साधली. दोनच वर्षांनी, १७६३ मध्ये, सात वर्षांचं युद्ध संपलं आणि इंग्रज प्रवाशांची इटलीकडे रीघ लागली. श्रीमंत घरातले पोरगेलेसे तरुण, सोबत एखादा वडीलधारा शिक्षक. पॅरिस, फ्लॉरेन्स, रोम, नेपल्स असा हा फेरा, त्याला ‘ग्रँड टूर’ म्हणत. शाळेत लॅटिन घोकून झालेलं असायचं. आता ज्या गावात ते लॅटिन बोललं गेलं त्या गावाच्या मातीतून निघणारे दगड त्यांना हात लावून बघायचे होते.

आणि घरी न्यायचेही होते. अडचण इथेच होती. संगमरवर महाग, जड, आणि पोपच्या राज्यातून बाहेर काढायचा तर परवाना हवा. कागदाला यातलं काही आडवं येत नव्हतं. पिरानेसीच्या रोमच्या नगरदृश्यांवर किंमतच कोरलेली असायची: अडीच पाओली. दहा पाओलींचा एक स्कुदो होई, म्हणजे एका स्कुदोत चार मोठी दृश्यं यायची. ज्याने कलश विकत घेतला त्याला छापचित्र म्हणजे मित्रमंडळींत वाटता येणारी आपल्या कलशाची कीर्ती. ज्याला कलश परवडला नाही त्याला छापचित्र हाच कलश. आणि पिरानेसीला? पडक्या तुकड्यांतून जुळवलेल्या वस्तू तो स्वतः विकत असे, त्यामुळे ही चित्रं त्याच्या दालनाची सूचीही होती. यात मला कमीपणाचं काही वाटत नाही. विकायचं होतं म्हणूनच त्याने इतक्या जिवाने कोरलं.

जे घरून निघालेच नव्हते त्यांच्यावरही या कागदांची मोहिनी चाले. जर्मन कवी गटे याने लिहून ठेवलंय की फ्रँकफुर्टच्या त्यांच्या घरात वडिलांनी रोमची छापचित्रं लावली होती, पिरानेसीच्या आधीच्या कलाकारांची. ती बघत वाढलेला हा मुलगा स्वतः रोमला पोचला १७८६ मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षी. तरुण इंग्रज वास्तुकार जॉन सोन १७७८ मध्ये रोमला गेला तेव्हा पिरानेसीच्या आयुष्याचे शेवटचे महिने चालू होते. म्हाताऱ्याने त्याला चार छापचित्रं भेट दिली. सोनचं लंडनमधलं घर आज संग्रहालय आहे. पुरातन तुकड्यांनी आणि चित्रांनी खचाखच भरलेल्या त्या घरात गेलात तर या चार कागदांची आठवण ठेवा.

दुसरी पायरी: छाप कशी उमटते ते एकदा डोळ्यांनी बघा

पुस्तकात वाचून हे नीट कळत नाही. मुंबईच्या जे. जे. मध्ये किंवा कुठल्याही कलामहाविद्यालयात मुद्राचित्रणाचा विभाग असेल तर ओळख काढा आणि एखादी दुपार एचिंगच्या प्रेसपाशी घालवा. तांब्याच्या प्लेटवर मेण-राळेचा थर देतात, सुईने चित्र ओढून तेवढ्या रेघांपुरतं तांबं उघडं करतात, मग प्लेट आम्लात सोडतात. आम्ल रेघा खातं. फिकट हव्यात त्या रेघा लवकर झाकून टाकायच्या आणि गडद हव्यात त्या पुन्हा आम्लात सोडायच्या. पिरानेसीची ताकद या ‘पुन्हा’मध्ये आहे. सावलीच्या रेघा तो इतक्या खोल खाऊ देई की शाई कागदावर उंचवट्यासारखी उभी राहते. शेवटी प्लेटवर शाई चोळून वरची पुसून घेतात, ओलसर कागद ठेवतात आणि प्रेसच्या रुळाखालून काढतात. रुळाच्या दाबाने प्लेटच्या चारही कडा कागदात रुततात. तो चौकोनी खळगा, म्हणजे प्लेटमार्क, पुढे आपल्याला फार उपयोगी पडणार आहे.

तिसरी पायरी: खालची ओळ लावा

इटालियन येत नसली तरी चालतं. आठ-दहा शब्द ओळखीचे झाले की पुरतं.

‘त्रोवातो’ म्हणजे सापडलेला. ‘स्कावी’ म्हणजे उत्खनन, ‘स्कावो’ त्याचं एकवचन. या शब्दांच्या मागेपुढे जागेचं नाव असतं. तिवोलीजवळची सम्राट हेड्रियनची वाडी, म्हणजे ‘व्हिल्ला आद्रियाना’, हे नाव वारंवार भेटेल, आणि तिच्या हद्दीतली ‘पांतानेल्लो’ ही दलदलीची जागा. ‘सी वेदे’ म्हणजे ‘बघायला मिळतो’, ‘प्रेस्सो’ म्हणजे ‘अमक्याकडे’. त्यानंतर ‘इंगिल्तेर्रा’ दिसलं की समजा, वस्तू इंग्लंडला रवाना झालेली आहे. ‘अल सिन्योर’ने सुरू होणारा भाग अर्पणाचा. इंग्रज नावं इटालियन कानांनी ऐकून लिहिलेली असल्यामुळे ओळखायला मजा येते. विल्यमचा ‘गुल्येल्मो’ होतो.

कोपऱ्यातली सही सोडू नका. नावापुढे ‘एफ’ असेल तर ‘याने केलं’, ‘इंक’ असेल तर ‘याने कोरलं’. ‘काव’ म्हणजे काव्हालिएरे, सरदारकीसारखी पदवी. पोप तेराव्या क्लेमेंटने ती पिरानेसीला १७६७ च्या सुमारास दिली, म्हणून ‘काव’ असलेली सही त्यानंतरची. मालिकेतल्या काही प्लेटांवर मुलाची, फ्रान्चेस्कोची, सही सापडते. ती दुय्यम समजू नका, पण विकणारा ती बापाची म्हणून विकत असेल तर टोका. आणि ‘स्त्रादा फेलीचे’, ‘पालाझ्झो तोमाती’ हा पत्ता कोरलेला असेल तर त्या जिन्यावरून चढून येणाऱ्या गिऱ्हाइकासाठीच तो कोरला होता.

ओळ लागली की ती स्वतःच्या शब्दांत मराठीत लिहून काढा. एका वहीत एका चित्राला एक पान. मला या वहीचा जितका उपयोग झाला तितका कुठल्याही सूचीग्रंथाचा नाही.

चौथी पायरी: चित्रातला कलश पुरता खरा मानू नका

हेड्रियनच्या वाडीतून निघालं ते बहुतेक तुकड्यांच्या रूपात. १७७१ च्या सुमारास स्कॉटिश चित्रकार आणि उत्खननकार गॅव्हिन हॅमिल्टन याला पांतानेल्लोत एका प्रचंड संगमरवरी कलशाचे अवशेष मिळाले. ते घेतले नेपल्समधले ब्रिटिश राजदूत सर विल्यम हॅमिल्टन यांनी. रोममध्ये कलश जुळवला गेला, उरलेलं नव्या संगमरवरात घडवलं गेलं, पिरानेसीने त्याच्या प्लेटा कोरल्या. वस्तू अखेर हॅमिल्टन यांच्या भाच्याकडे, वॉरिकच्या अर्लकडे, गेली. म्हणून तो ‘वॉरिक कलश’. १९७९ पासून तो ग्लासगोच्या बरेल संग्रहाचा आहे.

छापचित्रात मात्र कुठे सांधा नाही, ठिगळ नाही. मद्यदेव बॅकसच्या परिवाराचे मुखवटे, द्राक्षवेलीच्या पिळाचे कान, सगळं एका हाताने एका दिवशी घडवल्यासारखं. पिरानेसी कलश जरा खालून दाखवतो, बाजूने ऊन पाडतो, त्यामुळे वस्तू आहे त्याहून दांडगी भासते. न्यूडिगेट दीपदानांची जोडीही अशीच. सर रॉजर न्यूडिगेट यांनी ती पिरानेसीकडून घेतली आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाला दिली. आज ती ॲशमोलियन संग्रहालयात आहे. प्राचीन तुकडे आणि अठराव्या शतकातली भर यांची ती बांधणी आहे.

याला बनवेगिरी म्हणून मोकळं होऊ नका. त्या काळी मोडका दगड मोडका ठेवणं कोणालाच शोभत नव्हतं, आणि पिरानेसीला तर प्राचीन रोमची कल्पकता आपल्या हातून पुढे चालवायची होती. जर्मन कला-अभ्यासक योहान विंकेलमान आणि त्याच्या बाजूचे लोक ग्रीक साधेपणाचे भक्त. त्यांच्याशी याचा उभा दावा: रोमनांची श्रीमंती, त्यांची नक्षीची हौस कमअस्सल नव्हे. हे कलश म्हणजे त्या वादातलं त्याचं म्हणणं आहे. पण वस्तूचा इतिहास म्हणून चित्र वापरायचं असेल तर संग्रहालयाची नोंद शेजारी ठेवा, तिच्यात कोणता भाग जुना आणि कोणता नवा हे दिलेलं असतं.

पाचवी पायरी: सहा महिने फुकट बघा

खरेदीची घाई नको. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने पिरानेसीची पुष्कळ पानं मोठ्या आकारात खुली ठेवली आहेत. लंडनचं ब्रिटिश म्युझियम आणि ॲम्स्टरडॅमचं राइक्सम्युझियम यांचंही तसंच. टोकियो विद्यापीठाने आपल्याकडचा अख्खा संच चित्ररूपाने उपलब्ध केला आहे. तो पॅरिसच्या फिर्मँ दिदो यांच्या, म्हणजे पिरानेसीनंतर बऱ्याच वर्षांनी झालेल्या, छपाईचा आहे हे ध्यानात ठेवून बघा. एकाच प्लेटच्या तीन ठिकाणच्या छापा पडद्यावर शेजारी लावा आणि सावल्यांकडे बघत राहा. एकीत अंधाराच्या आतही रेघा सुट्या दिसतील, दुसरीत त्या करड्या होऊन एकमेकींत मिसळलेल्या असतील. हा फरक डोळ्यात बसला की निम्मी परीक्षा झाली.

रोमला जाणं झालंच तर त्रेवी कारंज्यामागच्या पालाझ्झो पोलीत इटलीची मध्यवर्ती आलेख्य संस्था, म्हणजे छापचित्रांची सरकारी संस्था, आहे. पिरानेसीच्या मूळ तांब्याच्या प्लेटा तिच्या ताब्यात आहेत.

सहावी पायरी: कागद पारखा

इथे वेळ द्या. दहा पट मोठं दाखवणारं भिंग आणि एक लहान बॅटरी एवढीच हत्यारं.

आधी भिंगातून रेघ बघा. एकसारख्या ठिपक्यांची जाळी दिसली तर विषय संपला, ती आधुनिक छपाई. ठिपके नसून सगळीकडे अगदी बारीक दाणा दिसत असेल तर फोटोवरून तयार केलेली प्रत असण्याचा संभव आहे. अस्सल एचिंगची रेघ सलग, किंचित थरथरती, टोकाला बोथट असते आणि बॅटरी आडवी धरली की गडद जागी शाईचा उंचवटा सावली टाकतो. माझी पहिली खरेदी अशी दाण्याची निघाली. प्लेटमार्क होता, कागद पिवळसर होता, विकणाऱ्याने ‘जुनी छाप’ एवढंच म्हटलं होतं, आणि मी भिंग नेलंच नव्हतं. तेव्हापासून पर्समध्ये भिंग असतं. प्लेटमार्क नंतर दाबूनही पाडता येतो, एकट्या त्याच्यावर विसंबू नका.

मग कागद उजेडासमोर धरा. हातकागदाच्या जुन्या साच्याला तारांची जाळी असे. तिच्या जवळजवळच्या बारीक रेषा आणि त्यांना छेदणाऱ्या, दोन-तीन सेंटिमीटर अंतरावरच्या उभ्या रेषा कागदात उमटतात. पिरानेसीच्या हयातीतल्या रोममधल्या छापा अशा रेषांच्या जाड कागदावर असतात. वर्तुळातलं लिलीचं फूल हा त्यांत वारंवार भेटणारा वॉटरमार्क. नेमकी आकृती सूचीग्रंथातल्या चित्रांशी ताडून बघावी लागते. कागद एकसारखा गुळगुळीत, जाळीविना असेल तर छाप बरीच नंतरची समजा.

‘बरीच नंतरची’ म्हणजे किती, हे कळायला प्लेटांचा प्रवास माहीत हवा. पिरानेसी नोव्हेंबर १७७८ मध्ये वारला. फ्रान्चेस्कोने रोममध्ये छपाई चालू ठेवली. फ्रेंच सैन्य आणि राज्यक्रांतीच्या धामधुमीत, १७९९ मध्ये, तो आणि भाऊ पिएत्रो प्लेटा घेऊन पॅरिसला गेले आणि तिथून एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला नवी आवृत्ती निघाली. पुढे फिर्मँ दिदो यांनी १८३५ ते १८३९ या काळात छापली. मग पोप सोळाव्या ग्रेगरीने प्लेटा विकत घेऊन रोमला परत आणल्या, त्या पोपच्या सरकारी छापखान्यात. इटली एक झाल्यावर तोच छापखाना राजाचा झाला. म्हणजे एकाच प्लेटची छाप १७७५ ची असू शकते आणि तिच्याहून शंभर वर्षांनी लहानही. दोन्ही ‘अस्सल’च, पण किमतीत आणि काळोखाच्या खोलीत मोठं अंतर. सरकारी छापखान्याच्या छापांवर पुष्कळदा शाईविना दाबलेला शिक्का असतो; समासावर बोट फिरवलं की लागतो. नगरदृश्यांच्या बाबतीत आणखी एक खूण: पत्ता आणि अडीच पाओलींची किंमत शाबूत असेल तर रोमची छाप, आणि कोपऱ्यात अंक वाढलेले असतील तर पॅरिस आणि त्यापुढची शक्यता. नेमका निर्णय सूचीवरून करावा. त्यासाठी फोसियों, हाइंड आणि विल्टन-इली या तीन अभ्यासकांचे क्रमांक व्यवहारात चालतात. विकणाऱ्याकडून क्रमांक लिहून घ्या.

रंगाचा मुद्दा सोपा आहे. पिरानेसीची चित्रं काळ्या शाईची. रंग भरलेली दिसली तर ते कोणीतरी नंतर केलं.

आता अवस्था. समास प्लेटमार्कच्या आत कापलेला असेल तर किंमत निम्म्यावर यायला हवी, आणि खालची ओळच कापून टाकली असेल तर मी ते चित्र घेत नाही, कितीही देखणं असो. मधोमध घडी असणं दोष नाही. मोठी पानं पुस्तकात दुमडूनच बांधत. तपकिरी ठिपके चालतील. ब्लीच करून पांढराफटक केलेला कागद मात्र नको, तो हाताला निर्जीव लागतो. आणि एक विनंती: अख्खा बांधीव खंड फोडून पानं सुटी विकणाऱ्याकडून ‘ताजं काढलेलं’ पान घेऊ नका. असे पूर्ण खंड आधीच कमी उरले आहेत.

सातवी पायरी: पिरानेसी झेपत नसेल तर

खिशाला किंवा मनाला. काहींना त्याचा काळोख जड होतो, आणि तेही ठीक आहे. त्यांच्यासाठी नवअभिजात, म्हणजे ग्रीक-रोमन नमुन्यांवर बेतलेल्या, चित्रांचा दुसरा प्रवाह आहे, रेघेचा.

सर विल्यम हॅमिल्टन यांनी नेपल्समध्ये जमवलेल्या मातीच्या चित्रित पात्रांचा पहिला संग्रह दार्कांव्हिल याने चार मोठ्या खंडांत छापून आणला. पहिल्या खंडावर साल आहे १७६६. ती चित्रं हाताने रंगवलेली, काळी आणि विटकरी. सोबत पात्राची मापं आणि काप दिलेले, कारण कुंभाराने आणि कारागिराने त्यावरून नवं घडवावं हा हेतू होता. जोसाया वेजवुड या इंग्रज कुंभार-कारखानदाराने नेमकं तेच केलं. जून १७६९ मध्ये त्याच्या नव्या कारखान्याचं पहिलं चाक फिरलं तेव्हा घडवलेल्या पात्रांवरच्या आकृत्या याच पुस्तकातून घेतल्या होत्या. कारखान्याचं नाव ‘इट्रुरिया’, कारण तेव्हा अशी पात्रं एट्रस्कन, म्हणजे रोमनांआधीच्या इटलीतल्या लोकांची, समजत. पुढे ठरलं की ती ग्रीक आहेत. तो पहिला संग्रह १७७२ मध्ये ब्रिटिश म्युझियमने घेतला. हॅमिल्टन यांच्या दुसऱ्या संग्रहाची चित्रं टिशबाइन या जर्मन चित्रकाराच्या देखरेखीखाली १७९१ पासून निघाली, फक्त बाह्यरेषेत, सावलीचा टिपूस नाही. त्या संग्रहाचा एक भाग घेऊन निघालेलं ‘कोलॉसस’ जहाज १७९८ मध्ये सिली बेटांजवळ बुडालं, त्यामुळे काही पात्रांपुरती ती रेघ हाच भक्कम पुरावा उरला.

दार्कांव्हिल महाग आहे. टिशबाइनची सुटी पानं त्या मानाने आवाक्यातली. त्याहून सोपी वाट म्हणजे हेन्री मोझेस या इंग्रज कोरक्याचा १८१४ चा कलश-वेदींचा संग्रह. लहान पानं, स्वच्छ रेघ, लहान खोलीच्या भिंतीला शोभणारी. नवख्याने पहिली खरेदी यातली करावी असं मी मनापासून सांगेन.

मराठी वाचकाला घराजवळची एक वाटही आहे. दगडात कोरलेलं प्राचीन काही बघायला प्रवास करायचा आणि छापचित्राने ते घरी न्यायचं, ही रीत इंग्रजांसोबत आपल्याकडे आली. पुण्यात पेशव्यांच्या दरबारात चित्रं काढणारा जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार वेरूळची लेणी रेखाटत होता. १७९५ मध्ये तो वारला आणि त्याच्या रेखाटनांवरून थॉमस डॅनियल यांनी १८०३ मध्ये वेरूळची चोवीस छापचित्रं काढली. त्यांचं तंत्र ॲक्वाटिंट, म्हणजे रेघांऐवजी छटा उमटवणारं, सूर वेगळा, पण कैलास लेण्याचं पान पिरानेसीच्या शेजारी ठेवून बघा. दगडाचा आकार वाढवून दाखवायची तीच ओढ.

आठवी पायरी: कागदपत्रं

परदेशातून मागवताना पावतीवर ‘मूळ एचिंग’ असं स्पष्ट लिहून घ्या, सोबत छपाईचा काळ आणि सूचीक्रमांक. कस्टममध्ये मूळ छापचित्रांचं शीर्षक ९७०२ आहे. कुरिअरवाल्याने ‘पोस्टर’ लिहिलं की पुढे घोळ होतो. शुल्क किती, ते मागवण्याच्या वेळी तपासा. इटलीतून घेत असाल तर निर्यातीचे कागद विकणाऱ्याने देणं ही त्याची जबाबदारी, आधीच बोलून घ्या. आणि भारतात आणलेली शंभर वर्षांहून जुनी कलाकृती पुन्हा बाहेर न्यायचा बेत असेल, उदाहरणार्थ तुम्ही परदेशी स्थायिक असाल आणि चित्र आईवडिलांच्या घरी ठेवणार असाल, तर १९७२ चा पुरावशेष कायदा आडवा येऊ शकतो. पुरातत्त्व खात्याकडे आधी चौकशी करा, मग ठरवा चित्र कुठे राहणार.

नववी पायरी: चौकट आणि पाऊस

कोकण-मुंबईच्या हवेत कागदाचा खरा शत्रू जून ते सप्टेंबर. बाहेरच्या, ओल धरणाऱ्या भिंतीवर चित्र लावू नका. चौकटवाल्याला चार गोष्टी निक्षून सांगा: पुठ्ठा आम्लरहित, चित्र आणि काच यांच्यात अंतर, चिकटपट्टी किंवा फेविकॉल अजिबात नाही, आणि लॅमिनेशनचं नावही काढायचं नाही. चित्र वरच्या दोन ठिकाणी जपानी कागदाच्या पट्ट्यांनी आणि गव्हाच्या खळीने टांगतात, बाकीचं मोकळं राहतं. आपली खळ कपड्यांना चालते ती नव्हे, शुद्ध स्टार्चची. काच अतिनील किरण अडवणारी घ्या, तरीही थेट उन्हात नको. कसर चौकटीच्या मागच्या फटीतून शिरते, म्हणून पाठ नीट बंद हवी. दसऱ्याच्या साफसफाईत वर्षातून एकदा उतरवून पाठ बघा. बुरशीचा ठिपका दिसला तर स्वतः पुसू नका, कागद-संवर्धकाला दाखवा.

माझ्याकडची चित्रं पावसाळ्यात भिंतीवरून उतरतात आणि कपाटात आडवी झोपतात.

शेवटची पायरी: चित्र घेऊन वस्तूकडे जा

जमेल तेव्हा, जमेल तिथे. स्टॉकहोमच्या राजवाड्यात स्वीडनचा राजा तिसरा गुस्ताव याने पिरानेसीच्या मुलाकडून घेतलेल्या वस्तू आहेत. पॅरिसच्या लुव्रमध्ये पिरानेसीने स्वतःच्या समाधीसाठी योजलेलं दीपदान आहे. लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये शिरल्यावर उजव्या हाताच्या लांबलचक दालनात, पहिल्या क्रमांकाच्या, ‘पिरानेसी कलश’ म्हणूनच ओळखला जाणारा उंच कलश उभा आहे. सर जॉन बॉइड या प्रवाशाने तो घेतला होता.

मी तिथे गेले तेव्हा छापचित्राची प्रत फोनवर उघडून धरली होती. आधी पायथ्यापासून कडेपर्यंत चित्र आणि दगड ताडून पाहिले. मग एका बाजूला सरकले, खिडकीचा उजेड तिरपा पडला आणि संगमरवराचे दोन रंग दिसू लागले, एक मळकट, एक दुधी. मधली सांध्याची रेघ एका आकृतीच्या अंगावरून खाली उतरत होती. फोनवरच्या चित्रात त्या जागी पिरानेसीने गडद सावली पाडली आहे.